बालकांतील उदरस्थ लसीकापुटी आणि तिची शस्त्रक्रिया

उदरस्थ लसीकापुटी ही लहान मुलांच्या पोटात आढळणारी, पातळ भिंतीची व द्रवाने भरलेली गाठ होय. लसीकावाहिन्यांच्या जन्मजात सदोष घडणीतून ती निर्माण होते. रुग्णालयातील व्यवहारात तिला ‘लिम्फॅन्जिओमा’, ‘मेसेंटेरिक सिस्ट’ किंवा नुसते ‘सिस्ट’ म्हणतात. बोलीभाषेत ‘पाण्याची गाठ’ असा शब्दप्रयोग केला जातो. ही गाठ कर्करोगाची नसते. मात्र ती बहुधा आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या जाळ्यातच वाढते. त्यामुळे आतड्याला पीळ पडणे, आतड्याचा मार्ग बंद होणे, गाठीत रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होणे असे गंभीर प्रसंग तिच्यामुळे उद्भवू शकतात. शस्त्रक्रियेने गाठ समूळ काढणे हा तिच्यावरील मुख्य उपचार आहे. गाठीचा अंश मागे राहू न देणे आणि मुलाचे निरोगी आतडे शक्य तितके राखणे, या दोन उद्दिष्टांचा मेळ घालणे हा या शस्त्रक्रियेतील मध्यवर्ती प्रश्न असतो.

== लसीका आणि लसीकावाहिन्या ==

केशवाहिन्यांतून पाझरून ऊतींमध्ये आलेल्या द्रवाचा काही भाग थेट रक्तात परत जात नाही. तो सूक्ष्म लसीकावाहिन्यांमध्ये गोळा होतो. या द्रवास लसीका म्हणतात. लहान वाहिन्या एकमेकींस मिळून मोठ्या होत जातात आणि अखेरीस मानेच्या तळाशी असलेल्या शिरांमध्ये लसीका रक्तात मिसळते.

आतड्यातील लसीकावाहिन्यांकडे आणखी एक काम असते. अन्नातील स्निग्ध पदार्थांचे पचन झाल्यावर त्यांचे सूक्ष्म कण याच वाहिन्यांमधून वाहून नेले जातात. त्यामुळे जेवणानंतर आतड्यातील लसीका दुधासारखी पांढरी दिसते. तिला पयोलस म्हणतात. लहान आतड्याच्या वरच्या भागाजवळील गाठीत पुष्कळदा असा पांढरा द्रव आढळतो, तर मोठ्या आतड्याजवळील गाठीत तो पिवळसर व पारदर्शक असतो. गाठीत रक्तस्राव झाला असल्यास द्रव तांबूस किंवा तपकिरी होतो.

== गाठीचे स्थान ==

लसीकापुट्या सर्वांत अधिक प्रमाणात मानेत व काखेत आढळतात. पोटातील लसीकापुट्यांचे प्रमाण एकूण संख्येच्या सुमारे ५ टक्के एवढेच आहे. पोटात त्या पुढील ठिकाणी आढळतात :

* आंत्रबंध : आतड्याला पाठीच्या भिंतीशी जोडणारा दुहेरी पडदा. आतड्याच्या रक्तवाहिन्या, चेता व लसीकावाहिन्या या पडद्याच्या दोन पदरांमधून जातात. लहान आतड्याचा, विशेषतः शेषांत्राचा आंत्रबंध हे गाठीचे सर्वांत नेहमीचे स्थान आहे.
* वपा : जठरापासून खाली लोंबणारा, आतड्यांवर झाकण घालणारा चरबीयुक्त पडदा.
* मोठ्या आतड्याचा आंत्रबंध.
* पर्युदराच्या मागील जागा : मूत्रपिंडे व मोठ्या रक्तवाहिन्या यांच्या लगतचा भाग.

‘मेसेंटेरिक सिस्ट’ हे नाव गाठीचे स्थान सांगते, स्वरूप नव्हे. आंत्रबंधातील प्रत्येक पुटी लसीकावाहिन्यांपासूनच झालेली असते असे नाही. लसीकापुटीच्या भिंतीला आतून लसीकावाहिनीसारखे अतिशय पातळ अस्तर असते. काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकीय ऊतिपरीक्षेनंतरच या दोहोंमधला फरक निश्चितपणे सांगता येतो.

== कारणे ==

गर्भावस्थेत लसीकावाहिन्यांचे जाळे तयार होत असताना काही भाग मुख्य प्रवाहाशी नीट जोडला जात नाही. त्या भागात लसीका साचत जाते आणि वाहिन्या फुग्याप्रमाणे फुगतात. अशा अनेक विकृतींमध्ये पीआयके३सीए या जनुकात बदल आढळला आहे. हा बदल गर्भाच्या वाढीदरम्यान शरीराच्या काही पेशींपुरता होतो. तो सामान्यतः आईवडिलांकडून आलेला नसतो. गरोदरपणातील आईचा आहार, श्रम किंवा ग्रहण पाहणे यांच्याशी या विकाराचा संबंध नाही.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या विकाराला आता अर्बुद न मानता ‘लसीकावाहिन्यांची विकृती’ मानले जाते. कप्प्यांच्या आकारानुसार मोठ्या कप्प्यांची, लहान कप्प्यांची आणि संमिश्र असे तिचे प्रकार पडतात. पोटातील बहुतेक विकृती मोठ्या कप्प्यांच्या असतात.

== आढळ ==

हा विकार विरळ आहे. बालरुग्णालयात दाखल होणाऱ्या सुमारे २०,००० मुलांमागे आंत्रबंधातील किंवा वपेतील पुटीचा एक रुग्ण, असा अंदाज वैद्यकीय साहित्यात दिला जातो. लसीकापुट्या बहुधा वयाच्या पहिल्या ५ वर्षांत लक्षात येतात. काही गाठी गर्भावस्थेतील सोनोग्राफीतच दिसतात, तर काही प्रौढ वयापर्यंत कोणताही त्रास देत नाहीत.

== लक्षणे ==

गाठीचा आकार, स्थान व वाढीचा वेग यांवर लक्षणे अवलंबून असतात. ती तीन प्रकारे प्रकट होतात.

पहिल्या प्रकारात कोणतेही लक्षण नसते. दुसऱ्या कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ अकस्मात दिसते. दुसऱ्या प्रकारात पोट हळूहळू मोठे होते, अधूनमधून दुखते, भूक मंदावते, बद्धकोष्ठता होते किंवा लघवीला वारंवार जावे लागते. अशा मुलाचे वाढते पोट पुष्कळदा जंत, खाण्याच्या सवयी किंवा अंगकाठी यांच्या नावावर खपवले जाते. तिसऱ्या प्रकारात मूल अचानक गंभीर आजारी पडते. गाठीच्या वजनाने आतड्याला पीळ पडतो, गाठीत रक्तस्राव होतो, ती पिकते किंवा फुटते. अशा वेळी तीव्र पोटदुखी, उलट्या व ताप यांमुळे हा आजार आंत्रपुच्छदाह, म्हणजे ‘अपेंडिक्स’, समजला जाण्याची शक्यता असते.

हिरव्या रंगाची उलटी, ताठ व फुगलेले पोट, शौचातून रक्त पडणे, अचानक आलेला फिकटपणा किंवा मूल निपचित पडणे ही तातडीची लक्षणे आहेत. हिरवी उलटी म्हणजे पित्तमिश्रित उलटी. लहान मुलांत ती आतड्याचा मार्ग अडल्याची खूण मानली जाते. अशा मुलास खाऊपिऊ न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे लागते. पिळामुळे रक्तपुरवठा तुटलेले आतडे काही तासांतच मृत होऊ शकते.

== निदान ==

=== शारीरिक तपासणी ===

गाठ मऊ असल्याने ती हाताला नेहमी लागतेच असे नाही. आंत्रबंधातील गाठ उजवीकडून डावीकडे सहज सरकते, पण वरखाली फारशी सरकत नाही. आंत्रबंधाचे मूळ पोटात तिरकस रेषेत घट्ट बसलेले असते, म्हणून असे घडते. फ्रेंच शल्यचिकित्सक तियो यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते.

=== जलोदराशी होणारा गोंधळ ===

वपेतील मोठी गाठ संपूर्ण पोट व्यापते. तिची भिंत ढिली असल्याने पोटात सुटे पाणी साठल्याचा, म्हणजे जलोदराचा, भास होतो. भारतासारख्या क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशात या भासाला विशेष महत्त्व आहे. पोटात पाणी, अशक्तपणा व वजन न वाढणे ही लक्षणे एकत्र दिसली की पोटाच्या क्षयाची शंका येणे स्वाभाविक असते. क्षयाच्या औषधांनी लसीकापुटी लहान होत नाही. त्यामुळे निदान चुकल्यास मूल अनेक महिने निष्कारण औषधे घेते आणि गाठ वाढतच राहते.

हा गोंधळ काळजीपूर्वक केलेल्या सोनोग्राफीने बहुधा दूर होतो. सुटे पाणी आतड्यांच्या वळ्यांमध्ये शिरते व आतडी त्यावर तरंगताना दिसतात. पुटीतील पाणी मात्र भिंतीच्या आत बंदिस्त असते, त्यात पातळ आडपडदे दिसतात आणि आतडी एका बाजूला किंवा मागे ढकललेली असतात. मूल कुशीवर वळले तरी पुटीतील पाणी जागा सोडत नाही.

=== प्रतिमाचित्रण ===

सोनोग्राफी ही पहिली तपासणी होय. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो, भूल लागत नाही आणि ती पुन्हा पुन्हा करता येते. गाठीचा विस्तार व मोठ्या रक्तवाहिन्यांशी असलेले नाते जाणून घेण्यासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय केला जातो. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसला तरी तपासणी लांबते, म्हणून लहान मुलास गुंगीचे औषध द्यावे लागते. तातडीच्या वेळी सीटी स्कॅन लवकर होतो.

=== तत्सम विकार ===

आतड्याची जन्मजात दुहेरी पुटी, मुलींमधील अंडाशयाची पुटी, पित्तनलिकेची पुटी, फुगलेले मूत्रपिंड आणि हायडॅटिड पुटी यांचा विचार निदानाच्या वेळी करावा लागतो. हायडॅटिड पुटी कुत्रा व मेंढी यांच्यामार्फत पसरणाऱ्या फीतकृमीमुळे होते. तिच्यात सुई टोचल्यास तीव्र ॲलर्जीचा धोका असतो. म्हणून पोटातील कोणत्याही पुटीतून निदान न करता पाणी काढणे अयोग्य समजले जाते.

== शस्त्रक्रियेचा इतिहास ==

फ्लॉरेन्स येथील वैद्य अंतोनियो बेनिव्हिएनी यांच्या १५०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एका ८ वर्षांच्या मुलाच्या शवविच्छेदनात आढळलेल्या आंत्रबंधपुटीचे वर्णन आहे. ही या विकाराची सर्वांत जुनी नोंद मानली जाते. १८४२ मध्ये रोकितान्स्की यांनी पयोलसाने भरलेल्या पुटीचे वर्णन केले. १८५२ मध्ये गेर्डनर यांनी वपेतील पुटीची नोंद केली. आंत्रबंधपुटी यशस्वीपणे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८० मध्ये तियो यांनी केली. पेआँ यांनी १८८३ मध्ये गाठ पूर्ण न काढता तिचे तोंड उघडे ठेवण्याची पद्धत वापरली. दुर्बिणीद्वारे गाठ काढण्याची सुरुवात १९९० च्या दशकात झाली.

== शस्त्रक्रिया ==

=== पूर्वतयारी ===

त्रास देणारी किंवा वाढणारी गाठ पूर्वनियोजित शस्त्रक्रियेने काढणे श्रेयस्कर असते. रक्तगट तपासून रक्ताची सोय केली जाते. भुलेपूर्वी सामान्यतः घन अन्न ६ तास, आईचे दूध ४ तास आणि स्वच्छ पाणी २ तास आधी बंद करतात. पोटातील अन्न श्वासमार्गात जाऊ नये हा या उपवासाचा हेतू असतो. तातडीच्या प्रसंगी शिरेतून द्रव व प्रतिजैविके देऊन आणि नाकातून जठरात नळी घालून मुलाची प्रकृती आधी सावरली जाते. परंतु पीळ पडल्याची शंका असल्यास शस्त्रक्रिया लांबवता येत नाही.

=== पोट उघडणे आणि पाहणी ===

लहान मुलांत बहुधा बेंबीच्या किंचित वर आडवा छेद घेतात. गाठ फार मोठी असल्यास तिच्यातील थोडा द्रव शोषून घेऊन ती लहान केली जाते, म्हणजे लहान छेदातून बाहेर आणता येते. त्यानंतर लहान आतडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासतात, कारण गाठी एकाहून अधिक असू शकतात.

=== गाठ काढण्याच्या पद्धती ===

गाठ सोलून काढणे : गाठ व आतडे यांच्यामध्ये मोकळा थर असेल, तर रक्तवाहिन्या राखून गाठ अलगद सोडवता येते. आतड्याला कात्री लावावी लागत नाही. वपेतील गाठीबाबत वपेचा तेवढा भाग कापला की काम भागते. वपेच्या त्या भागावाचून मुलाचे काही अडत नाही.

आतड्याच्या भागासह गाठ काढणे : आंत्रबंधातील रक्तवाहिन्या आतड्याच्या कडेला पोहोचताना सरळ, बारीक फाटे देतात. प्रत्येक फाटा आतड्याच्या एका लहान पट्ट्याला रक्त पुरवतो. गाठ या फाट्यांना वेढून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचली असेल, किंवा डंबेलप्रमाणे आतड्याच्या दोन्ही बाजूंना पसरली असेल, तर गाठ काढताना हे फाटे वाचत नाहीत. मग आतड्याचा तेवढा तुकडा गाठीसह काढून दोन्ही टोके जोडली जातात. मुलांमधील आंत्रबंधपुट्यांपैकी सुमारे निम्म्या वा त्याहून अधिक रुग्णांत असे करावे लागल्याचे अहवाल आहेत.

अंशतः गाठ काढणे : गाठ आंत्रबंधाच्या मुळाशी, मुख्य धमनीला लगटून असल्यास ती समूळ काढण्याच्या प्रयत्नात संपूर्ण लहान आतड्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. अशा वेळी गाठीचा सुरक्षितपणे काढता येईल तेवढा भाग काढतात. उरलेली भिंत उघडी ठेवून तिचे अस्तर विद्युत्‌दहनाने किंवा औषधाने नष्ट करतात. या पद्धतीत गाठ पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते, तरीही आतडे गमावण्यापेक्षा ती पत्करली जाते.

केवळ पाणी शोषून घेणे हा उपचार समजला जात नाही. अस्तर जागेवर राहिल्याने गाठ पुन्हा भरते. शिवाय संसर्गाची भीती असते.

=== आतडे किती काढावे ===

नवजात अर्भकाच्या लहान आतड्याची लांबी सुमारे २ ते ३ मीटर असते. काही सेंटिमीटर गेल्याने मुलाच्या वाढीवर परिणाम होत नाही. परंतु मोठा भाग गेल्यास अन्नरसाचे शोषण अपुरे पडते आणि मुलास दीर्घकाळ शिरेतून पोषण द्यावे लागू शकते. लांबीइतकेच स्थानही महत्त्वाचे असते. ब१२ जीवनसत्त्व व पित्तलवण शेषांत्राच्या शेवटच्या भागात शोषले जातात, म्हणून तो भाग आणि लहान-मोठ्या आतड्यांमधील झडप राखण्याकडे शल्यचिकित्सकाचा कल असतो. तो भाग काढावा लागल्यास ब१२ ची पातळी पुढे अनेक वर्षे तपासावी लागते.

पीळ पडलेल्या आतड्याबाबत निर्णय अधिक कठीण असतो. पीळ सोडवून आतडे कोमट, ओल्या कापडात गुंडाळतात व काही वेळ वाट पाहतात. रंग परतला आणि हालचाल सुरू झाली तर ते राखले जाते. काळे पडलेले, निर्जीव आतडे मात्र काढावेच लागते. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत थोडक्यात भागणारे काम विलंबामुळे मोठे होते, ते या ठिकाणी.

=== दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया ===

वपेतील व देठाने लोंबणाऱ्या गाठी दुर्बिणीद्वारे काढणे सोयीचे असते. आंत्रबंधातील गाठीसाठी संमिश्र पद्धतही वापरतात. दुर्बिणीतून पाहणी करून गाठ रिकामी करतात, बेंबीतील छेदातून आतड्याचा तो भाग बाहेर आणतात आणि जोडणी पोटाबाहेर करून तो पुन्हा आत ठेवतात. वेदना कमी होतात व मूल लवकर घरी जाते. फार मोठ्या, खोलवर पसरलेल्या किंवा पिकलेल्या गाठींसाठी उघडी शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरू शकते.

== शस्त्रक्रियेनंतर ==

आतड्याची हालचाल पूर्ववत होईपर्यंत तोंडाने अन्न देत नाहीत. वायू सरू लागला, शौचास झाली आणि नळीतून येणारे हिरवे पाणी कमी झाले की प्रथम पाणी, मग दूध व पातळ आहार असा क्रम असतो. जखमेचा संसर्ग व जोडणीतून गळती या नजीकच्या गुंतागुंती होत.

क्वचित कापलेल्या लसीकावाहिन्यांतून पोटात पयोलस झिरपतो. अशा वेळी नेहमीचे तूप-तेल वर्ज्य करून मध्यम लांबीच्या साखळीची मेदाम्ले असलेला आहार दिला जातो. ही मेदाम्ले लसीकावाहिन्यांत न जाता थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात शोषली जातात. त्यामुळे गळती कमी होते.

पोटातील कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांस चिकटून पुढे अनेक वर्षांनीही मार्ग अडू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेची कागदपत्रे व ऊतिपरीक्षेचा अहवाल जपून ठेवणे आवश्यक असते. गाठ कोठे होती, आतडे किती काढले आणि अंश मागे राहिला का, या तीन प्रश्नांची उत्तरे पुढील प्रत्येक डॉक्टरला लागतात.

== अन्य उपचार ==

लहान व त्रास न देणाऱ्या गाठीवर काही वेळा ठरावीक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवले जाते. मोठ्या कप्प्यांच्या आणि शस्त्रक्रियेस अवघड ठिकाणच्या गाठीत प्रतिमाचित्रणाच्या मार्गदर्शनाखाली सुई घालून द्रव काढतात व अस्तर चिकटवणारे औषध सोडतात. यासाठी डॉक्सिसायक्लिन, ब्लिओमायसिन आणि जपानमध्ये विकसित झालेले ओके-४३२ ही औषधे वापरली गेली आहेत. ब्लिओमायसिनची एकूण मात्रा मर्यादित ठेवावी लागते, कारण त्याने फुप्फुसांना अपाय होऊ शकतो. सर्वदूर पसरलेल्या विकृतीत सिरोलिमस हे तोंडाने घेण्याचे औषध उपयोगी पडते. ते प्रतिकारशक्ती कमी करत असल्याने रक्तातील पातळी वेळोवेळी तपासावी लागते. आतड्याला पीळ पडला असेल किंवा मार्ग अडला असेल, तर यांपैकी कोणतेही औषध शस्त्रक्रियेची जागा घेऊ शकत नाही.

== पुणे व महाराष्ट्रातील उपचारव्यवस्था ==

ही शस्त्रक्रिया बालशल्यचिकित्सक करतात. सर्वसाधारण शल्यचिकित्सेनंतर बालकांच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र उच्च शिक्षण घेतलेले हे तज्ज्ञ असतात. लहान मुलांची भूल व अतिदक्षता यांची सोयही तितकीच आवश्यक असल्याने असे उपचार मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. मुंबईत परळ येथे १९२९ साली स्थापन झालेले बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय हे केवळ मुलांसाठीचे जुने रुग्णालय आहे. पुण्यात १८६७ मध्ये सुरू झालेले ससून सर्वसाधारण रुग्णालय बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे.

गुलटेकडीतील मार्केट यार्ड परिसरापासून ससून रुग्णालय अवघ्या काही किलोमीटरवर आहे. परंतु बाजारात हमाली, तोलाई व निवड-टिपण करणाऱ्या कष्टकऱ्यांची कमाई त्या त्या दिवसाच्या कामावर अवलंबून असते. अशा कुटुंबांत अधूनमधून दुखणाऱ्या पोटासाठी रोज बुडवून रुग्णालयात जाणे पुढे ढकलले जाऊ शकते. या विकारात नेमका तोच कालावधी मोलाचा असतो. त्या दृष्टीने दोन शासकीय योजना उपयोगी आहेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. त्यात वैद्यकीय पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा तपासणी करतात. मुलाचे पोट मोठे दिसत असल्याचे पालकांनी किंवा शिक्षकांनी या तपासणीत आवर्जून सांगितल्यास पुढील सोनोग्राफीचा मार्ग मोकळा होतो.

दुसरी योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही होय. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती जुलै २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. २०२३ मध्ये राज्य शासनाने प्रत्येक कुटुंबासाठी वार्षिक संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय घेतला. योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. शिधापत्रिका व मुलाचे ओळखपत्र दाखवून, विचारात असलेली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे त्याच्याकडून दाखल होण्यापूर्वी जाणून घेता येते.

== रोगाचे भवितव्य ==

गाठ समूळ काढलेल्या मुलांचे पुढील आयुष्य सामान्य असते. त्यांना शाळा, खेळ व आहार यांवर कायमची बंधने पाळावी लागत नाहीत. पूर्ण शस्त्रक्रियेनंतर गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण निरनिराळ्या अहवालांत ० ते १३ टक्के असे दिले आहे. अंश मागे राहिलेल्या आणि पर्युदराच्या मागे पसरलेल्या गाठींत ते अधिक असते. म्हणून पहिली काही वर्षे ठरावीक अंतराने सोनोग्राफी केली जाते. लसीकापुटीचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत दुर्मीळ आहे. गाठीच्या आकारापेक्षा तिचे स्थान आणि मूल रुग्णालयात कोणत्या अवस्थेत पोहोचते, या दोन गोष्टींवर शस्त्रक्रियेचा परिणाम अधिक अवलंबून असतो.